चांगले शिक्षक शाळेत टिकावेत यासाठी मुख्याध्यापकांनी काय करावे

चांगला शिक्षक शाळा सोडतो तेव्हा त्याच्या राजीनाम्यात बहुधा 'वैयक्तिक कारणास्तव' एवढेच लिहिलेले असते, आणि बहुतेक शाळा ते खरे मानून जागा भरण्याच्या कामाला लागतात. प्रत्यक्षात तो निर्णय राजीनाम्याच्या कितीतरी आधी, लहान-लहान प्रसंगांतून पक्का होत गेलेला असतो. पालकाने सर्वांदेखत आवाज चढवला तेव्हा कार्यालयातून कोणी बाहेर आले नाही. सलग तीन आठवडे मोकळ्या तासिका दुसऱ्यांच्या वर्गांवर गेल्या. वर्गात येऊन गेलेल्या पर्यवेक्षकांनी शेऱ्याची वही भरली, पण पाठाबद्दल चकार शब्द काढला नाही. यातल्या एकाही प्रसंगाची नोंद कुठे होत नाही, म्हणून शिक्षक अचानक गेल्यासारखे वाटते.

हा प्रश्न जगभर वाढतो आहे. युनेस्कोच्या २०२४ मधील जागतिक अहवालानुसार प्राथमिक स्तरावर पेशा सोडणाऱ्या शिक्षकांचे प्रमाण २०१५ मध्ये सुमारे ४.६ टक्के होते, ते २०२२ मध्ये सुमारे ९ टक्क्यांवर गेले. आणि प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाची उद्दिष्टे गाठायची तर २०३० पर्यंत जगाला आणखी ४.४ कोटी शिक्षक लागतील. नव्या भरतीने ही तूट भरून निघेल असे वाटणे साहजिक आहे. परंतु पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ रिचर्ड इंगरसॉल यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या आधारे २००१ मध्ये दाखवून दिले, की टंचाईचा मोठा भाग निवृत्तीमुळे नसून निवृत्तीच्या पुष्कळ आधी शाळा बदलणाऱ्या किंवा पेशा सोडणाऱ्या शिक्षकांमुळे निर्माण होतो. असमाधानामुळे गेलेल्यांनी सांगितलेल्या कारणांत कमी पगाराबरोबरच प्रशासनाचा अपुरा पाठिंबा, विद्यार्थ्यांच्या शिस्तीचे प्रश्न आणि निर्णयांत नसलेला वाटा ही कारणे ठळक होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, न्यूयॉर्क शहरातील नवशिक्षकांच्या अभ्यासात तर शाळेतील कामाच्या सर्व परिस्थितींपैकी प्रशासनाविषयीचे शिक्षकांचे मत हाच शाळेत राहण्याच्या निर्णयावर सर्वाधिक परिणाम करणारा घटक ठरला.

पगार, मंजूर पदे आणि वर्गांतील पटसंख्या या गोष्टी बहुधा मुख्याध्यापकांच्या हाती नसतात. वेळ, तक्रार, निरीक्षण आणि शब्द पाळणे या चार गोष्टी मात्र जवळजवळ पूर्णपणे त्यांच्याच हाती असतात, आणि पुढील पायऱ्या त्यांच्याच भोवती रचल्या आहेत. एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी: प्रेमळ मुख्याध्यापक आणि आधार देणारे मुख्याध्यापक हे एकच नव्हेत. गोड बोलणारी, वाढदिवस लक्षात ठेवणारी, पण वादाच्या वेळी दिसेनाशी होणारी व्यक्ती शिक्षकांना आवडू शकते. तिच्या भरवशावर ते थांबत मात्र नाहीत.

पहिली पायरी: गेलेल्यांची नोंद नीट वाचणे

मागील पाच वर्षांत शाळा सोडून गेलेल्या प्रत्येक शिक्षकाची एक ओळ लिहावी: विषय, शाळेतील एकूण वर्षे, सत्राच्या कोणत्या टप्प्यावर गेले, आणि गेले ते कुठे. 'कुठे' हा रकाना सर्वांत बोलका असतो. दुसऱ्या गावी स्थलांतर, निवृत्ती किंवा आजारपण यांमुळे गेलेल्यांना शाळा थांबवू शकली नसती. पण तेवढ्याच अंतरावरच्या, तेवढाच पगार देणाऱ्या दुसऱ्या शाळेत कोणी गेले असेल, तर ती व्यक्ती पेशाला कंटाळली नव्हती, आपल्या शाळेला कंटाळली होती. एकाच विभागातून, एकाच पर्यवेक्षकाच्या हाताखालून किंवा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच माणसे जात असतील, तर तेही या यादीत लगेच दिसते.

कारणे विचारायची असल्यास जाणाऱ्या शिक्षकाला निरोपाच्या दिवशी विचारू नये. त्या दिवशी अनुभवाचा दाखला आणि थकलेली बिले कार्यालयाकडे अडकलेली असतात, त्यामुळे कोणीही खरे बोलत नाही. सगळे हिशेब पूर्ण झाल्यावर काही महिन्यांनी, शक्यतो मुख्याध्यापकांखेरीज दुसऱ्या विश्वासू व्यक्तीने केलेल्या फोनवर अधिक प्रामाणिक उत्तरे मिळतात.

दुसरी पायरी: कामाचा भार कागदावर आणणे

जवळजवळ प्रत्येक शाळेत एक अलिखित नियम असतो: जो काम नीट करतो त्याला आणखी काम. स्नेहसंमेलन, परीक्षेचे वेळापत्रक, शिष्यवृत्तीचे अर्ज, सहलीचे नियोजन, पाहुण्यांच्या भेटीचे सूत्रसंचालन, माहितीचे ऑनलाइन फॉर्म, हे सारे फिरून त्याच चार-पाच जणांकडे येते. आणि जे टाळाटाळ करतात त्यांना काहीच सांगितले जात नाही, कारण त्यांनी केलेले काम पुन्हा कोणाला तरी करावे लागते. मुख्याध्यापकांच्या दृष्टीने हा विश्वास असतो. त्या शिक्षकाच्या दृष्टीने मात्र ती कर्तबगारीची शिक्षा ठरते, आणि चांगले शिक्षक निघून जाण्यामागे हे कारण जेवढे मानले जाते त्याहून खूप मोठे आहे असे माझे मत आहे.

उपाय असा, की सत्राच्या आरंभी एक मोठा तक्ता करावा. डाव्या बाजूला सर्व शिक्षकांची नावे, वरच्या बाजूला आठवड्याच्या तासिका, वेगवेगळ्या पाठांची संख्या, तपासायच्या वह्या व उत्तरपत्रिकांचा अंदाज, वर्गशिक्षकपद, समित्या, आणि वर्गाबाहेरची कामे. वेगवेगळ्या पाठांचा रकाना वगळू नये, कारण एकाच इयत्तेच्या चार तुकड्यांना शिकवणारा शिक्षक आणि चार निरनिराळ्या इयत्तांना शिकवणारा शिक्षक यांच्या तासिका सारख्या दिसल्या तरी तयारी सारखी नसते. हा तक्ता शिक्षकखोलीत सर्वांना दिसेल असा लावावा. तो केवळ लावल्यानेच निम्मी चर्चा होते, आणि जी गोष्ट आतापर्यंत कुजबुजीत होती ती उघडपणे बोलता येते.

त्यानंतर तीन नियम ठरवून ते लेखी द्यावेत. अनुपस्थित शिक्षकाच्या जागी जाण्याची पाळी क्रमाने येईल आणि तिची नोंद ठेवली जाईल. कोणाही एका व्यक्तीला आठवड्यात ठराविक मर्यादेपलीकडे अशा तासिका दिल्या जाणार नाहीत. आणि कोणतेही नवे काम सोपवताना त्या व्यक्तीकडचे कोणते जुने काम काढून घेतले जात आहे, हे त्याच वेळी सांगितले जाईल. तिसरा नियम पाळणे सर्वांत अवघड जाते. परंतु 'हे काम तुम्हीच करू शकता' या वाक्यापेक्षा 'हे काम तुम्ही घ्या, शिष्यवृत्तीचे अर्ज आजपासून दुसऱ्यांकडे जातील' हे वाक्य शिक्षकाला अधिक काळ लक्षात राहते.

सभांबाबत थोडक्यात: केवळ माहिती द्यायची असेल तर सूचनाफलक किंवा संदेश पुरेसा आहे. सभा घ्यायचीच, तर तिची संपण्याची वेळ आधी जाहीर करावी आणि ती पाळावी. शाळेच्या वेळेनंतर रात्री येणारे संदेश ही अलीकडची नवी तक्रार आहे. तातडीचे काय आणि सकाळपर्यंत थांबू शकते काय, याची व्याख्या मुख्याध्यापकांनीच करून स्वतः आधी पाळली, तर बाकीचे पाळतात.

तिसरी पायरी: तक्रार आली की काय करायचे, हे तक्रार येण्यापूर्वी ठरवणे

पालकाची तक्रार हा शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत निर्णायक क्षण असतो. आपल्यामागे कोणी उभे आहे की नाही, हे त्याला तेथे कळते आणि ते तो विसरत नाही. येथे दोन टोकाच्या चुका होतात. काही मुख्याध्यापक पालकाला शांत करण्यासाठी शिक्षकाला तेथल्या तेथे बोलावून जाब विचारतात. काही जण चौकशी न करताच शिक्षकाची बाजू घेतात, आणि पालकाचे म्हणणे खरे निघाले की दोघांच्याही नजरेतून उतरतात. पाठीशी उभे राहणे म्हणजे डोळे मिटून बाजू घेणे नव्हे. शिक्षकाला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाल्याशिवाय त्याच्याविषयी कोणतेही मत व्यक्त न करणे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

व्यवहारात पुढील क्रम उपयोगी पडतो. पालकाला प्रथम पूर्ण ऐकून घ्यावे, मुद्दे लिहून घ्यावेत आणि 'तुमचे म्हणणे मी लिहून घेतले आहे. संबंधित शिक्षकांशी बोलून परवा चार वाजेपर्यंत तुम्हाला कळवतो' असे सांगावे. वेळ निश्चित सांगणे महत्त्वाचे, कारण ती न सांगितल्यास पालक दुसऱ्या दिवशी थेट वर्गाच्या दाराशी पोहोचतात. त्याच दिवशी शिक्षकाला एकांतात, तक्रारीचे नेमके शब्द सांगून विचारावे. 'तुमच्याविरुद्ध तक्रार आली आहे' एवढेच सांगून रात्रभर टांगणीला लावू नये. दोन्ही बाजू कळल्यावर आवश्यक असेल तरच एकत्र भेट घ्यावी, आणि त्या भेटीत मुख्याध्यापकांनी पूर्ण वेळ बसावे. आवाज चढला किंवा अपमानास्पद शब्द वापरला गेला तर भेट तेथेच थांबवून पुढची वेळ द्यावी. शिक्षकाची चूक असेल तर ती चूक भेटीनंतर, बंद दाराआड, स्पष्ट शब्दांत सांगावी आणि पालकाला शाळेच्या वतीने उत्तर द्यावे. शेवटी निकाल काय लागला हे शिक्षकालाही कळवावे. हे शेवटचे पाऊल बहुतेक ठिकाणी राहून जाते, आणि प्रकरण मिटले आहे की आपल्या फाइलमध्ये गेले आहे याचा विचार करत तो शिक्षक पुढचे कित्येक आठवडे वावरतो.

शिस्तीच्या प्रश्नालाही हीच शिस्त लावावी. वर्गात व्यत्यय आणणाऱ्या विद्यार्थ्याला कार्यालयात पाठवल्यावर तो दहा मिनिटांत हसत परत आला, तर त्या वर्गापुरता शिक्षकाचा अधिकार संपतो. कोणत्या वर्तनाची हाताळणी शिक्षकाने वर्गातच करायची, कोणते वर्तन कार्यालयाकडे न्यायचे, कार्यालय नेमके काय करील आणि शिक्षकाला किती वेळात कळवील, हे एका पानावर लिहून सर्वांना द्यावे. नियम कडक असण्यापेक्षा ते सर्वांना सारखेच लागू होणे अधिक मोलाचे आहे. ओळखीच्या घरातील मुलाला एकदा सूट मिळाली की ती बातमी शिक्षकखोलीत त्याच दिवशी पोहोचते.

चौथी पायरी: वर्गनिरीक्षण उपयोगी करणे

चांगल्या शिक्षकाला आपले काम सुधारण्यात रस असतो, म्हणूनच निरर्थक निरीक्षणाचा त्याला इतरांपेक्षा जास्त कंटाळा येतो. वर्षातून एकदा, पूर्वसूचना देऊन, पूर्ण तासिका बसून भरलेला ठराविक नमुना कार्यालयाच्या कामाचा असतो, शिकवण्याच्या कामाचा नसतो. त्याऐवजी दहा-पंधरा मिनिटांच्या, अधिक वेळा होणाऱ्या भेटी घ्याव्यात आणि त्या मूल्यमापनात धरल्या जाणार नाहीत असे जाहीर करावे.

भेटीआधी शिक्षकालाच विचारावे, की मी कशाकडे लक्ष देऊ? एखादी शिक्षिका म्हणेल, 'मागच्या दोन रांगांतली मुले उत्तरे देतात का ते पाहा.' मग निरीक्षकाने तेवढेच पाहावे: कोणाला प्रश्न विचारले गेले, उत्तरासाठी किती वेळ दिला गेला, कोण अजिबात बोलले नाही. त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी पाच मिनिटे बोलावे. आधी जे दिसले ते सांगावे, मग शिक्षिकेला त्यावरून काय वाटते ते विचारावे, आणि शेवटी पुढच्या भेटीपर्यंत करून पाहण्याजोगी एकच गोष्ट ठरवावी. एका वेळी सात सूचना दिल्यास एकही अमलात येत नाही. ज्या विषयाचे ज्ञान मुख्याध्यापकांना नाही, त्या विषयाच्या पाठावर त्यांनी आशयाविषयी मत देऊ नये. त्यासाठी त्याच विषयाच्या अनुभवी सहकाऱ्याला सोबत न्यावे. न येणाऱ्या विषयावर दिलेला आत्मविश्वासपूर्ण शेरा शिक्षकाचा आदर जितक्या वेगाने घालवतो तितका दुसऱ्या कशानेही जात नाही.

या कामाचे फळ केवळ शिक्षक टिकण्यापुरते नसते. मॅथ्यू क्राफ्ट आणि जॉन पापे यांच्या २०१४ मधील अभ्यासात, सहकार्य व पाठिंब्याचे वातावरण चांगले असलेल्या शाळांतील शिक्षकांची परिणामकारकता दहा वर्षांत, वातावरण कमकुवत असलेल्या शाळांतील शिक्षकांच्या तुलनेत ३८ टक्के अधिक सुधारल्याचे आढळले. म्हणजे तोच शिक्षक कोणत्या शाळेत वाढला यावर तो किती चांगला होईल हेही ठरते.

कौतुकाविषयीही येथेच सांगून टाकतो. सर्वांना एकाच दिवशी दिलेली गौरवपत्रे कोणालाही थांबवत नाहीत. 'अपूर्णांकांचा तो पाठ तुम्ही कागदाच्या पट्ट्यांनी सुरू केलात, त्यामुळे एरवी गप्प असणारी तीन मुले फळ्यापर्यंत आली' हे वाक्य थांबवते, कारण ते बोलणाऱ्याने पाठ खरोखर पाहिलेला असतो.

पाचवी पायरी: निर्णयांत वाटा देणे, पण खरा

प्रत्येक विषयावर सर्वांचे मत मागण्याची गरज नाही. अनेक शिक्षकांना ते नकोही असते. गरज आहे ती कोणता निर्णय कोणत्या प्रकारचा आहे हे आधी सांगण्याची. काही निर्णय झालेले असतात आणि केवळ कळवायचे असतात. काहींवर मते ऐकून मुख्याध्यापक निर्णय घेणार असतात. आणि काही शिक्षकांनीच घ्यायचे असतात. आधीच ठरलेल्या गोष्टीवर चर्चेचे नाटक केले की पुढच्या खऱ्या चर्चेतही कोणी तोंड उघडत नाही. पूरक साहित्याची निवड, विषयवार वेळापत्रकातील बदल, घटक चाचण्यांचे स्वरूप आणि आपल्या विभागाच्या प्रशिक्षणाचा विषय हे निर्णय निर्धास्तपणे शिक्षकांकडे सोपवावेत.

सहावी पायरी: नव्या शिक्षकांचे पहिले वर्ष

अनेक शाळांत सर्वांत अवघड तुकडी आणि कोणालाच नको असलेल्या तासिका नव्या व्यक्तीला मिळतात. हा रिवाज प्रथम मोडावा. पहिल्या वर्षी वेगवेगळ्या पाठांची संख्या कमी ठेवावी आणि वर्गाबाहेरची कामे शक्य तितकी देऊ नयेत. मार्गदर्शक म्हणून त्याच विषयाची अनुभवी व्यक्ती द्यावी व दोघांची एक मोकळी तासिका वेळापत्रकात एकत्र ठेवावी. थॉमस स्मिथ आणि रिचर्ड इंगरसॉल यांच्या २००४ मधील अभ्यासात, आपल्याच विषयाचा मार्गदर्शक असणे आणि सहकाऱ्यांबरोबर नियोजनासाठी सामाईक वेळ असणे या गोष्टींचा संबंध पहिल्या वर्षाअखेर शाळा सोडण्याचे प्रमाण कमी असण्याशी दिसून आला. मार्गदर्शकाने मूल्यमापन करू नये, आणि त्याच्याही कामातून तेवढा वेळ कमी करावा. अन्यथा मार्गदर्शन हे आणखी एक बिनहिशेबी काम होऊन दुसरी पायरी फोल ठरते.

सातवी पायरी: राजीनाम्याआधीचा संवाद

जाणाऱ्यांना 'का जाता?' असे विचारले जाते. राहणाऱ्यांना 'का राहता?' असे कोणी विचारत नाही. अमेरिकेतील टीएनटीपी या संस्थेने २०१२ मध्ये चार मोठ्या शहरी जिल्ह्यांतील अत्यंत यशस्वी शिक्षकांविषयी केलेल्या अभ्यासात, यांपैकी अनेकांना शाळेने थांबण्याविषयी साधे विचारलेही नव्हते असे दिसले.

दुसरे सत्र सुरू झाल्यानंतर लवकरच, म्हणजे इतर शाळांच्या जाहिराती येण्यापूर्वी, प्रत्येक शिक्षकाबरोबर वीस मिनिटांची भेट ठरवावी. ती मूल्यमापनाच्या भेटीपासून वेगळी असावी आणि तीत मुख्याध्यापकांनी कमीत कमी बोलावे. विचारण्यासारखे प्रश्न असे:

– या वर्षी शाळेतला कोणता भाग तुम्हाला सर्वाधिक समाधान देऊन गेला?
– तुमचा वेळ कोणत्या कामात वाया जातो असे वाटते?
– मी कोणती एक गोष्ट करायचे थांबवावे?
– दोन वर्षांनी तुम्हाला कोणते काम करायला आवडेल, आणि ते या शाळेत मिळू शकेल का?

उत्तरे मिळाल्यावर बचाव करू नये. जे करता येईल ते तारखेसह सांगावे, जे करता येणार नाही ते कारणासह सांगावे, आणि त्यांपैकी एखादी छोटी गोष्ट दोन आठवड्यांत करून दाखवावी. विचारून काहीच न करणे हे न विचारण्यापेक्षा वाईट आहे. चौथ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण वर्ग सोडून कार्यालयात जाणे हीच एकमेव बढती असेल, तर उत्तम शिक्षकांना वाढायचे असल्यास शिकवणे तरी सोडावे लागते किंवा शाळा तरी. विषयप्रमुख, नव्यांचे मार्गदर्शक, अभ्यासक्रम तयार करणारे अशा भूमिका, कमी केलेल्या तासिकांसह, शाळेतच निर्माण करता येतात.

एक अप्रिय पायरी

वर्षानुवर्षे वर्गात न जाणाऱ्या, वह्या न तपासणाऱ्या सहकाऱ्याला कोणी काही बोलत नाही, हे पाहणे चांगल्या शिक्षकाला कमी पगारापेक्षाही जास्त बोचते. त्या वर्गाची राहिलेली पायाभरणी पुढच्या वर्षी त्यालाच करावी लागते. त्यामुळे अशा व्यक्तीशी खाजगीत, लेखी अपेक्षा व मुदत ठरवून, मदत देऊ करून आणि नियमांच्या चौकटीत राहून बोलणे हा बाकीच्यांना आधार देण्याचाच भाग आहे. सर्वांना उद्देशून सभेत दिलेला मोघम दम मात्र टाळावा. तो ज्याला उद्देशून असतो त्याला लागत नाही, आणि ज्यांना लागू नये त्यांना लागतो.

कोठून आरंभ करावा

या सगळ्या पायऱ्या एकाच वर्षात घेण्याचा प्रयत्न करू नये. पहिल्या सत्रात कामाचा तक्ता आणि तक्रारीची पद्धत एवढेच घ्यावे, कारण त्यांचा परिणाम लगेच जाणवतो आणि त्यांना पैसे लागत नाहीत. दुसऱ्या सत्रात छोट्या वर्गभेटी व थांबण्याविषयीचा संवाद सुरू करावा. निर्णयांतील वाटा आणि नव्यांची व्यवस्था पुढील वर्षाच्या वेळापत्रकाबरोबर येतील. मुख्याध्यापकांचाही वेळ मर्यादित असल्याने पत्रव्यवहार, माहिती भरणे आणि देखभाल यांतील जी कामे कार्यालयीन कर्मचारी करू शकतात ती त्यांच्याकडे सोपवून, दिवसातील किमान एक तासिका वर्गभेटींसाठी राखून ठेवावी.

एवढे करूनही काही चांगले शिक्षक जातील. त्यांचे कागद वेळेवर द्यावेत, त्यांच्या पाठांच्या टिपणांची व वर्गाच्या माहितीची रीतसर देवघेव होण्यासाठी पुढच्या शिक्षकाबरोबर दोन दिवस ठेवावेत, आणि परत यावेसे वाटल्यास थेट फोन करा असे सांगून जागा रिकामी झाल्यावर आपणहून एकदा त्यांना विचारावे.